आपल्या नाटकाला माझं सहकार्य

प्रिय ठेकेदार भाऊ,



भाऊबीज झाल्यावर मेहुण्याच्या आग्रहानं तुमच्या गावच्या मंडईच्या जत्रेला आलो होतो. दुपारी दंडार पाहिली, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. मांडवाच्या दारातच तुमचा फ्लेक्स. पांढरा शर्ट, काळा गॉगल, जोडलेले हात आणि खाली लाल अक्षरांत ओळ : 'नाट्यप्रयोगास 21,000 रुपयांचे सहकार्य'. मेहुणा म्हणाला, 'लय दिलदार माणूस आहे जी.' मला भरून आलं. सासरची माणसं सोबत होती म्हणून बोललो नाही, पण ते पैसे माझे होते.

म्हणून हे आभाराचं पत्र. झाडीपट्टीच्या रंगभूमीची थोडी सेवा आपल्या हातून घडावी, अशी माझी इच्छा होतीच; ती तुम्ही मला न विचारता पुरी केलीत. पुढच्या वर्षी फक्त फ्लेक्सच्या कोपऱ्यात 'सौजन्य : लाखनीचा हार्डवेअरवाला' एवढं बारीक अक्षरांत टाका. फोटो नको.

तुम्हाला व्याप फार, म्हणून हिशेब मीच सांगतो. 2024 चा दसरा होऊन एक-दोन दिवस झाले असतील. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत काम जमिनीवर दिसलं पाहिजे, अशी तुमची घाई होती. 352 रुपयांनी 320 बॅगा सिमेंट, 1,12,640 रुपये. सळ्या, बाइंडिंग वायर आणि पाइप मिळून 73,760. एकूण 1,86,400. गाडी भरायला रात्रीचे नऊ वाजले. हमालांना मी नगद दिले, कारण हमाल उधारीवर पोतं उचलत नाही. तुम्ही खुर्चीत बसून चहा घेतलात आणि म्हणालात, 'सेठ, महिनाभरात हिशेब क्लिअर.' महिना कोणता, ते विचारायचं राहून गेलं. ती चूक माझी.

बिल मात्र तुम्हाला पक्कं हवं होतं, जीएसटी नंबर टाकून. ते मी दिलं, आणि इथून पुढची गंमत तुमच्या गावातल्या कोणत्याही नाटकापेक्षा सरस आहे. सिमेंटवर तेव्हा 28 टक्के कर होता. बॅगेमागे 77 रुपये, 320 बॅगांचे 24,640. हा कर सरकार माझ्याकडून गिऱ्हाइकानं पैसे दिले की नाही हे न विचारता घेतं. 20 नोव्हेंबरपर्यंत तो भरायचा होता. त्या दिवशी राज्यात मतदान होतं, म्हणून मुदत एक दिवसानं वाढवून 21 केली. सरकारनं मला एक दिवस दिला. मी तुम्हाला तेरा महिने दिले. यात माय-बाप कोण, ते तुम्हीच ठरवा.

मी भरलेल्या त्याच 24,640 रुपयांचं क्रेडिट तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये घेतलंत. कायद्यानं विक्रेत्याला 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासकट परत करायचं असतं. तुम्ही परत केलंत का, हे विचारायचा मला अधिकार नाही. मी फक्त कर भरला. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा कर 18 टक्के झाला. गिऱ्हाईक खूश, सरकार खूश. माझ्या वहीत मात्र तुमचं सिमेंट अजून 28 टक्क्यांचंच आहे आणि ते केव्हाच घट्ट झालं आहे.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या, असं 2006 चा कायदा म्हणतो. मी हरखून नोंदणी केली. मग कळलं, 2021 मध्ये आम्हा दुकानदारांना त्या यादीत घेतलं ते फक्त बँकेनं कर्ज द्यावं म्हणून. उशिराच्या पैशाचं संरक्षण माल बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला नाही. म्हणजे माझी थकबाकी वसूल होणार नाही, पण ती भागवायला मला कर्ज मिळू शकतं. व्यवस्था किती विचारपूर्वक केली आहे पहा.

तुमच्या फोनबद्दल मला तक्रार नाही. तो लागतो, वाजतो, थांबतो. तारीख न टाकता दिलेल्या तुमच्या चेकबद्दलही एवढंच की तो गल्ल्यात देवाच्या फोटोमागे आहे आणि दोघंही काही बोलत नाहीत.

आणि एक गोष्ट. बिल अडलंय म्हणता, त्यात तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. तुमची नाली मी पाहिली. बांधून झाली, तिच्यातून एक पावसाळा वाहून गेला. मोजमापाची वही (एमबी) झाली, सह्या झाल्या आणि बिल 'निधी नाही' म्हणून बसलं आहे. राज्यभरातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी 2025 मध्ये थकबाकीचा आकडा 89 हजार कोटी सांगितला. एवढी शून्यं माझ्या कॅल्क्युलेटरवर मावत नाहीत. त्याच वर्षी जुलैत सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदारानं जीव दिला. पाणी योजनेच्या कामाचे पैसे अडकले होते, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. ती बातमी दुकानात वाचली त्या दिवशी तुम्हाला फोन करायचा होता. केला नाही. पुढचे पंधरा दिवसही केला नाही. तुम्ही फोन उचलत नाही याची तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

पण भाऊ, मग ते 21 हजार कुठून आले? सरकारनं तुमचे अडवले, तुम्ही माझे अडवले, इथपर्यंत मला समजतं. हातात आलेले पहिले पैसे मांडवात गेले, हे समजत नाही. माझ्याकडून टिनाचे पत्रे नेणारा एक पाच एकरवाला आहे. धानाचे चुकारे दोन-दोन महिने रखडतात, तेव्हा तो दर बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीशी सायकल टेकवून सांगून जातो, 'आले नाही जी अजून.' पैसे देत नाही, पण तोंड दाखवतो. चुकारे जमा झाले की बँकेतून सरळ माझ्याकडे येतो. त्याचा फ्लेक्स मी कुठंच पाहिला नाही. मंडईत दिलेल्या पैशाला टाळ्या मिळतात, उधारी फेडली तर वहीत नुसती काट मारली जाते. एवढाच हा खेळ आहे आणि त्याची मला चीड आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाला नवी वही घातली. पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्यावर 'मागील बाकी' म्हणून तुमचं नाव. बायको म्हणाली, देवानंतर लगेच यांनाच बसवलंत?

तर आता विनंती. सळ्या-पाइपचे 73,760 तुमचं बिल निघाल्यावर द्या, मी थांबतो. सिमेंटच्या मूळ किमतीलाही थांबतो. 24,640 तेवढे आधी द्या; तो धंदा नाही, तुमच्यासाठी मी भरलेला कर आहे. तेही जमत नसेल तर एकदा दुकानात या आणि वहीत बाकी मान्य म्हणून तारखेसह सही करा. उधारीची मुदत कायद्यानं तीन वर्षांची आहे, त्यातलं एक संपलं. सही केली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

दुकान सकाळी नऊला उघडतं. चहा मी पाजतो.

आपला,
सहकार्यकर्ता