लसूणघास न उगवण्याची खात्रीशीर पद्धत

नव्याने गोठा थाटलेल्यांसाठी ही माहिती आहे. गाई आल्या, मुरघासाचे व्हिडिओ बघून झाले, आता लसूणघास लावायची म्हणताय. एकदा उगवली की तीन-चार वर्षं कापत बसावं लागतं. तेव्हा ती उगवूच नये याची तजवीज आधी करा.

मुहूर्त ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचा धरा, उकाडा ऐन भरात असताना. नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांना घाई कळत नाही. या बियाला साधारण २० ते २५ अंश मानवतात. पस्तिशीच्या पुढे उगवण घसरत जाते. पण मोबाइलवर तर ३३ दिसतंय! तो आकडा सावलीतल्या हवेचा, छातीएवढ्या उंचीवरचा. बी मात्र उघड्या काळ्या रानात पडलंय, जेमतेम सेंटिमीटरभर खोल. तिथला ताप दुपारी एकदा अनवाणी चालून बघा. एक हलकं पाणी देऊन बी फुगवून ठेवा आणि पुढचं पाणी विसरा. मोड बाहेर डोकावतो तोच भाजतो.

निफाडकडच्यांनी उलट कडाक्याची थंडी गाठावी. गारठ्यात बी मरत नाही, नुसतं रेंगाळतं. तोवर तण पुढे निघून जातं, म्हणजे काम झालंच.

बरसीम? उकाड्याला ती आणखी नाजूक. वरचीच कृती, कमी कष्टात.

पेरणीआधी उगवण तपासायचा मोह होईल. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतात; तुम्ही फ्रिजच्या मागे, जाळीच्या उबेला ठेवा. तरी कोणी माठाशेजारी ठेवलेच, तर चौथ्या दिवशी तीन जाती दिसतील. मोड आलेले दाणे. बुरशी धरून बुळबुळीत झालेले. आणि तिसरे पिवळे, चकचकीत, आत्ताच पिशवीतून काढल्यासारखे. हे तिसरे मेलेले नसतात. त्यांचं कवच पाणी आत घेतच नाही.

इथे उष्णतेचा दुसरा स्वभाव कळतो, आणि घोळ घालायला तो फार उपयोगी आहे. ओल्या बियाला जो ताप मारतो, तोच कोरड्या बियाचं कवच सैल करतो. ऑस्ट्रेलियात आपल्या शेंगा स्वतःच जमिनीत पुरणारं एक क्लोव्हर आहे. उन्हाळाभर दिवसाची भट्टी आणि रात्रीचा गारवा सोसून त्याचं कवच हळूहळू पाणी घेण्याजोगं होतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ते उगवतं. सुबाभळीला इतका वेळ कोण देणार? तिचं बी सुमारे ८० अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून काढतात. ही युक्ती ऐकली की तीच लसूणघासेला लावा. पातेलं गॅसवरच राहू द्या, मोजायला घड्याळ घेऊ नका. कांदा-खोबरं घातलंत तर उसळ होईल.

पंधरा दिवसांत रान रिकामं दिसलं की दुकानात जाऊन बियाणं बोगस असल्याची तक्रार ठोका. त्याआधी उरलेली पिशवी मात्र कुठेतरी नाहीशी करा. प्रयोगशाळेत ते बी २० अंशांवर ठेवून चौथ्या दिवशी पहिली मोजणी करतात आणि दहाव्या दिवशी शेवटची. तिथे ते सरळ उगवून बसायचं.