मूर्खाचा पवित्रा

न्यूरेंबर्गच्या एका तलवार-क्लबाच्या व्यायामशाळेत पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची होती. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, ‘‘मी कोल्हापूरचा. कोल्हापुरात मर्दानी खेळ चालतात. तलवार, लाठी, दांडपट्टा.’’ यातलं प्रत्येक वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यांच्यातला संबंध ऐकणाऱ्यांनी आपापला जोडला. माझा मर्दानी खेळाशी प्रत्यक्ष संबंध एकदाच आला होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे घुसून बघताना लाठीचं टोक कपाळावर बसलं तेव्हा. लाठीवाला ‘‘मागं सर की’’ म्हणाला आणि माझं शस्त्रशिक्षण तिथेच संपलं.

खरं तर मी सरळ मार्गाने नोकरीसाठी आलेला माणूस. पण इथल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात एक जुनी पोथी आहे हे मला कळलं, आणि घात झाला. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिश्टेनाउअर या तलवारगुरूची शिकवण तीत आहे. शिकवण पद्यात, आणि तीही मुद्दाम गूढ, म्हणजे परक्याला ऐकून काही कळू नये. पुढे इतरांनी त्या ओळींवर भाष्यं लिहिली. मधल्या काळात परंपरा तुटली, आणि आता जगभरची हौशी मंडळी अशा पोथ्या वाचून, एकमेकांना मारून बघून, वार नेमका कसा असेल ते ठरवतात. सूत्र, भाष्य आणि वाद! यात मराठी माणसाला परकं काय वाटणार?

प्रशिक्षकांनी बजावलं होतं की पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका, क्लबची साधनं वापरा. मी दुसऱ्या आठवड्यात सगळं घेतलं. सरावाच्या बोथट तलवारीला इथे ‘फेडर’ म्हणतात. फेडर म्हणजे पीस. हे पीस जवळजवळ दीड किलोचं, आणि चार मिनिटं डोक्यावर धरलं की कुठल्या पक्ष्याचं असावं याचा अंदाज येतो. मास्क, जाड जाकीट, आणि खेकड्याच्या नांग्यांसारखे हातमोजे. ते घालून मला तलवार धरता येई, पण नाक खाजवता येत नसे.

साधनं आली, जोडीदार नव्हता. आठवड्यातून एकदा क्लबात जोड्या पडत आणि विषम संख्येत उरणारा मी असे. बाकी दिवस इमारतीच्या तळघरात एकट्याने सराव. तिथे पहिल्याच वाराला दिवा फुटला, दुसऱ्याला शेजारणीच्या सायकलची घंटी वाजली. घंटीने शेजारीण आली. मी अंधारात, मास्क घालून, दोन्ही हातांत तलवार घेऊन उभा. माझ्या तोडक्या जर्मनमध्ये ‘‘मी इथेच राहतो’’ एवढंच बाहेर पडलं.

एकट्याने सराव फुकट का जातो, ते याच पोथ्या सांगतात. दोन पाती एकमेकांना भिडली की समोरचा जोर लावतोय की ढिला पडलाय, हे मनगटाला जाणवलं पाहिजे. याला ‘फ्युलेन’ म्हणतात. तो जोर लावत असेल तर आपण वाट द्यायची, ढिला असेल तर घुसायचं. मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीशी पातं भिडवून पाहिलं. चादर कायम ढिली. मी कायम जिंकलो.

शेवटी बायकोला गळ घातली. हे नवरा-बायकोने करण्यातलंच आहे, असं पटवायला तिला तालहोफर या जुन्या तलवारगुरूच्या १४६७ च्या पुस्तकातली चित्रं दाखवली. त्यात नवरा-बायकोचं न्यायालयीन द्वंद्व आहे. नवरा कमरेइतक्या खड्ड्यात, हातात सोटा, आणि बायको बाहेर मोकळी, कापडात दगड बांधून. तिने चित्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, ‘‘खड्डा कोण खणणार?’’

मामांना फोन केला तर त्यांचं वेगळंच. ‘‘लेका, तलवार शिकायला जर्मनीला गेलायस व्हय? हितं शिवाजी पेठेत दारात शिकवत होते, तवा तू व्हिडिओ गेमच्या दुकानात बसलेला!’’ मी इतिहासाची ढाल पुढे केली. युरोपातली सरळ पाती दख्खनेत यायची, त्यांना आपली मूठ बसवून फिरंग तलवार व्हायची. मी फक्त पातं निघालं तिथं आलोय. मामा म्हणाले, ‘‘पात्याचं ऱ्हाऊ दे. मुठीत काय जोर हाय का?’’

अखेर जोडीदार मिळाला. पन्नाशीचे, किडकिडीत दंतवैद्य. वार अचूक, आणि प्रत्येक वारानंतर मनापासून ‘‘दुखलं का?’’ असं विचारायची सवय. ‘त्सोर्नहाउ’, म्हणजे रागाचा वार, ते इतक्या प्रेमाने मास्कवर बसवायचे की आपणच आभार मानावेत. आमच्या पवित्र्यांची नावं बैल, नांगर, वगैरे. मला वाटलं, चला, शेतकऱ्याच्या घरचीच आहेत. थकून मी तलवारीचं टोक जमिनीकडे सोडलं की डॉक्टर खूश होऊन ‘‘आल्बर!’’ म्हणत. महिनाभर मी ते कौतुक समजून मान डोलावली. मग शब्दकोश पाहिला. आल्बर म्हणजे मूर्ख. तो खरोखरच चार मुख्य पवित्र्यांपैकी एक आहे, आणि शत्रूला भुलवायला मुद्दाम घ्यायचा असतो. मी मुद्दाम घेत नव्हतो, एवढाच फरक.

माझा मुख्य दोष वेळेचा. या विद्येत ‘फोर’ म्हणजे आधी, ‘नाख’ म्हणजे नंतर, आणि ‘इंडेस’ म्हणजे नेमक्या त्याच क्षणी. मी सदैव नाखमध्ये. वार बसला, डॉक्टरांनी ‘‘दुखलं का?’’ विचारलं, मी ‘‘नाही’’ म्हणालो, आणि मग माझी तलवार अडवायला वर गेली.

वार चुकवताना मी दात करकरा खातो, हे त्यांच्या लक्षात आलं. दातांचं संरक्षक कवच करून देतो म्हणून त्यांनी दवाखान्यात बोलावलं, तोंडात डोकावले आणि खालची दाढ किडलीय म्हणाले. पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्या खुर्चीत आडवा. डोळ्यांवर दिवा, तोंडात कापूस. यंत्र घूं करत डावीकडून खाली आलं, आणि माझ्या दोन्ही हातांनी आपोआप वर जाऊन त्यांचं मनगट कपाळापाशी अडवलं. बैलाचा पवित्रा, अगदी पुस्तकातला.

डॉक्टर थबकले. यंत्र बंद केलं. मास्कआडून त्यांचा आवाज भरून आला होता.

‘‘इंडेस,’’ ते म्हणाले, आणि माझे हात परत खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून त्यांनी यंत्र सुरू केलं.