मिनिटाला साठ

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी मिनिटवाला राहतो. वय तिशी-पस्तिशी, नोकरी बहुधा आयटीत, आणि हॉलच्या कोपऱ्यात स्टँडवर गिटार. ही गिटार गाणी वाजवायला म्हणून घरात आली होती. आता तिच्यावर फक्त ‘चेंजेस’ होतात.

एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर बोटं नेणं म्हणजे चेंज. नवशिक्याचं घोडं अडतं ते इथेच. जस्टिन सँडरको या मूळच्या टास्मानियाच्या गिटारशिक्षकाने त्यावर एक व्यायाम जगभर पोहोचवला. दोनच कॉर्ड घ्यायच्या, मिनिटभराचा टायमर लावायचा आणि किती वेळा अदलाबदल झाली ते मोजायचं. साठपर्यंत मजल मारायची. उपाय साधा आणि गुणकारी. पण त्यामुळे मिनिटवाल्याच्या हाती आकडा लागला, आणि आकडा हाती लागल्यावर एक्सेल उघडणार नाही तो आयटीवाला कसला!

त्या शीटमध्ये आता प्रत्येक जोडीचा वेगळा रकाना आहे. लग्नाच्या पंगतीत वडीलधारी मंडळी आपली शुगर सांगतात, त्याच सुरात हा सांगतो, “माझं ए मायनर-सी बावन्नवर आलंय.” समोरचा बिचारा अभिनंदन करतो. खरी मेख अशी की या जोडीत फक्त अनामिका हलते. तर्जनी आणि मधलं बोट असतात तिथेच राहतात. बावन्नचा बराचसा मान त्या न हललेल्या दोन बोटांना द्यायला हवा.

सी-जीचा रकाना तो सहसा दाखवत नाही.

रोज रात्री जेवणं उरकली की सराव सुरू होतो. आधी ट्यूनर, मग मेट्रोनोम, मग टायमर. मेल्झेलने 1815 मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं तेव्हा ती लाकडी पेटी होती. याच्या फोनमध्ये तसे तीन आहेत आणि तिन्हींचे आवाज वेगळे. कोणता लावायचा हे ठरवण्यात पहिली दहा मिनिटं जातात.

पुढची पायरी म्हणजे ऐकणारं सॉफ्टवेअर. हेलसिंकीच्या ‘युझिशियन’सारखी अ‍ॅप्स मायक्रोफोनमधून ऐकतात आणि बरोबर-चूक सांगतात. म्हणून सरावाच्या वेळी घरातला पंखा बंद, टीव्ही बंद, आणि भांडी घासायलाही मनाई.

“अरे, उकाड्याने जीव गेला माझा,” आई आतून म्हणते.

“एकच मिनिट, आई.”

“तुझं मिनिट मला ठाऊक आहे!”

सी कॉर्डमध्ये सा-ग-प सारखे तीनच स्वर असतात, पण तारा वाजतात पाच. त्यामुळे सी आणि ई हे स्वर दोन-दोनदा येतात. मिनिटवाल्याची तर्जनी दुसरी तार दाबताना नेमकी पहिलीवर लवंडते आणि तिचा ई दबतो. चौथ्या तारेवरचा ई मात्र वाजत असतो. सॉफ्टवेअरला ई मिळाल्याशी कारण. बऱ्याचदा ते खुशाल हिरवी खूण देतं. समोर शिक्षक असते तर त्यांनी ते बोट उचलून उभं केलं असतं आणि मानेला घट्ट आवळून बसलेला अंगठाही सैल करायला लावला असता. फोनला हे दिसत नाही, आणि मिनिटवाल्याला हिरव्या खुणेपलीकडचं काही पाहायचं नसतं.

एफ हा त्याच्या आयुष्यातला दुखरा विषय. तर्जनी आडवी टाकून पहिल्याच पट्टीवर सहाही तारा एकट्या बोटाने दाबायच्या, आणि तारा सगळ्यात ताठ लागतात त्या तिथेच. एक्सेलमध्ये एफच्या रकान्यात ‘पुढील तिमाही’ असं लिहिलेलं आहे. कुठली तिमाही, ते लिहिलेलं नाही.

“एखादं गाणं तरी वाजव,” असं बायकोने म्हटलं की तो चकित होतो. गाण्यात कॉर्ड चार असतात, त्या ठरावीक क्रमाने येतात आणि चुकलं तरी गाणारा थांबत नाही. त्याच्या शीटमध्ये याला रकानाच नाही.

माणूस तसा निरुपद्रवी आहे. बोटांची टोकं सोलून निघाली तरी सराव चुकवत नाही. ही चिकाटी खोटी नव्हे, आणि मिनिटाच्या सरावाने बोटं वळतात हेही खरं. तेव्हा त्याच्याकडे जाणार असाल तर एवढं करा. जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्डमध्ये बसणारं एखादं गाणं आधीच हेरून ठेवा, त्याचा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गायला सुरुवात करा. तो मागून येईल. थोडा उशिराने येईल, पण येईल.