तीस किलोमीटर, वर पंचवीस पेन्स

पुण्यातल्या कोथरूडचे एक आजोबा आजींसह फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडमधल्या स्लाउ गावी मुलाकडे महिनाभरासाठी म्हणून गेले आणि दसरा आला तरी तिथेच होते. मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद पडली. पुढे ती सुरू झाली, पण त्यांत बसायचा धीर आजींना होईना. नेलेली भाजणी मे महिन्यात संपली, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची भांडणं जूनपर्यंत पुरली. २४ ऑक्टोबरपासून स्लाउमध्ये निर्बंध आणखी आवळले गेले आणि दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायची बंदी आली. म्हणजे दसऱ्याचं सोनं द्यायला जायचं कुणाकडे, हाच प्रश्न! त्यात २५ तारखेला, ऐन दसऱ्याच्या पहाटे, इंग्लंडची घड्याळं दरवर्षीच्या नेमाने एक तास मागे गेली.

“सीमोल्लंघन बंद आणि वर तास मागे,” आजोबा म्हणाले. “लक्षण ठीक नाही.”

सीमोल्लंघनाची सोय सूनबाईंनी केली. ब्रिटनमध्ये स्थानिक निसर्गसंस्थांचा ‘द वाइल्डलाइफ ट्रस्ट्स’ नावाचा संघ आहे. त्यात ४६ संस्था. २०३० पर्यंत देशातली ३० टक्के जमीन आणि समुद्र निसर्गासाठी राखावा, असा त्यांचा आग्रह, आणि त्याच्या कामासाठी ३ कोटी पौंड उभे करण्याचा त्यांचा तेव्हाचा संकल्प. त्यासाठीच त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘बिग वाइल्ड वॉक’ होता. आपण चालायचं, चालताना काय दिसतं ते बघायचं, आणि ओळखीच्यांनी त्याबद्दल संस्थेला पैसे द्यायचे. घरच्यांनी आठवड्यात ३० किलोमीटर ठरवले.

“चालायचं मी आणि पैसे दुसऱ्याने द्यायचे?” आजोबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. “मग मी वेताळ टेकडीवर आजवर फुकटच चढलो म्हणायचा!”

“नुसतं चालायचं नाही बाबा, बघायचंसुद्धा,” सूनबाई म्हणाल्या.

अडचण तिथेच होती. आजोबा टेकडीवर जात ते बोलायला. महापालिका, मधुमेह आणि जावयांचे पगार या तीन विषयांत चढण संपे आणि उतारावर क्रिकेट लागे. झाडं असत, पण ती कुणी मध्ये बोलत नाहीत म्हणूनच चालवून घेतलेली.

पहिल्या दिवशी नातीने वही काढली. घराबाहेरच्या पहिल्याच झाडावर कर्कश आवाज करत जे बसलं होतं ते पाहून आजोबा थबकले. हिरवंगार अंग, लाल चोच, गळ्याला कंठ. पोपट! साता समुद्रापलीकडचा निसर्ग बघायला निघावं आणि वहीत पहिली नोंद पेरूच्या झाडावरल्या पोपटाची व्हावी, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटलं. पण नोंद बरोबर होती. पिंजऱ्यातून सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या पोपटांनी लंडन आणि आसपासच्या परगण्यांत केव्हाच बिऱ्हाड थाटलं आहे. पहिली जोडी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने सोडली, अशी दंतकथा तिथे चवीने सांगतात. २०१९ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या. दंतकथेला काही आधार सापडला नाही. आजोबांना संशोधकांचा राग आला. पोपटाला इतकं चांगलं घराणं कुणी देत असेल, तर मोडता कशाला घालावा?

दुसऱ्या दिवशी ज्युबिली नदी. ही नदी नावापुरती. थेम्सचा पूर वळवण्यासाठी खोदलेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा प्रवाह २००२ मध्ये पुरा झाला. काठावर उशिरा फुललेला गुलाबी तेरडा दिसला आणि आजी हरखल्या. नातीने मात्र पोलिसी चेहरा केला. हा हिमालयातला तेरडा १८३९ मध्ये शोभेसाठी इंग्लंडात आणला गेला. त्याची पिकलेली बोंडं फट्‌दिशी फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडतं. बागेतून तो नदीकाठी गेला आणि तिथली स्थानिक रोपं त्याने दाबून टाकली. हिवाळ्यात तो मरतो तेव्हा काठ उघडे पडतात आणि माती वाहून जाते. म्हणून उन्हाळ्यात स्वयंसेवक रांगा लावून तो उपटतात.

“तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात,” आजी म्हणाल्या, “इथे दोनशे वर्षं व्हायला आली की!”

संध्याकाळी पावणेपाचलाच सूर्य मावळे, त्यामुळे उरलेला वेळ वाचनाला. वाइल्डलाइफ ट्रस्ट्सचं मूळ १९१२ सालच्या एका संस्थेत आहे. ती काढली चार्ल्स रॉथशिल्ड यांनी. घराणं बँकवाल्यांचं, दिवसभर पेढीवर बसायचं, पण जीव गुंतला होता पिसवांत. मुंबईत १८९६ मध्ये आणि पुण्यात १८९७ मध्ये ज्या प्लेगने हाहाकार माजवला, तो पसरवणाऱ्या उंदरांवरच्या पिसवेचं शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये त्यांनीच केलं, सुदानमध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून. पुण्याला जिने घराबाहेर माळावर राहायला लावलं, तिचं बारसं करणारा माणूस पुढे माळरानं वाचवायला निघाला, या योगायोगावर आजोबा दोन दिवस बोलत होते. १९१५ मध्ये रॉथशिल्डनी राखून ठेवण्याजोग्या २८४ जागांची यादी सरकारला दिली. सरकार महायुद्धात गुंतलेलं. राखीव निसर्गक्षेत्रांचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. सरकारी टेबलावर कागद चौतीस वर्षं पडून राहतो हे वाचून आजोबांना इंग्लंड प्रथमच घरच्यासारखं वाटलं.

सगळ्यात मोठा पल्ला बर्नहॅम बीचेस या जंगलाचा. बीच आणि ओक वृक्षांचं हे रान घरं बांधायला विकलं जाऊ नये म्हणून सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने १८८० मध्ये विकत घेतलं. लंडनच्या महापालिकेने लंडनबाहेर जाऊन जंगल घ्यावं आणि त्यात वसाहत उठवू नये, हे आजोबांनी सोसायटीच्या ग्रुपवर तातडीने कळवलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. जुन्या काळी जळणासाठी डोक्याइतक्या उंचीवर पुन्हा पुन्हा छाटल्यामुळे इथली बीचची झाडं बुंध्याला जाडजूड, पोकळ आणि शेकडो वर्षांची झाली आहेत. खाली सोनेरी पानांचा खच. आपट्यावाचून आलेला दसरा आजींनी तिथे वसूल केला. ओंजळभर पानं सगळ्यांना वाटली.

आजोबांचं लक्ष आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर. “एवढं लाकूड सडतंय! वाड्यातला बंब वर्षभर चालला असता.” नातीने समजावलं की ते मुद्दाम ठेवलंय. कुजक्या लाकडात बुरशी आणि किड्यांच्या अळ्या वाढतात. मग एक गुलाबी-करडा पक्षी पंखावर निळा तुकडा मिरवत आला, ओकचं फळ मातीत खुपसून उडाला. हा ‘जे’ नावाचा पक्षी, कावळ्याच्या कुळातला. हिवाळ्यासाठी हजारो फळं पुरून ठेवतो, काही तशीच राहतात आणि त्यांचे ओक होतात. “म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते विसरणं अगदीच वाया जात नाही,” आजोबांनी आजींना ऐकवलं.

परतताना डोक्यावर तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. इंग्लंडातून त्या एकोणिसाव्या शतकातच नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून पाच वर्षं स्पेनहून पिल्लं आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडली, तेव्हा आकाश पुन्हा भरलं. असे यशाचे दाखले थोडे. २०१९ च्या ‘स्टेट ऑफ नेचर’ अहवालात ब्रिटनमधल्या ४१ टक्के जातींची संख्या १९७० पासून घटल्याची नोंद आहे.

हिशेबाची बाजू आजोबांकडे होती. ब्रिटनमधल्या करदात्याने पौंड दिला की ‘गिफ्ट एड’मधून संस्थेला सरकारकडून वर पंचवीस पेन्स मिळतात, हे कळल्यावर मुलाचे सगळे सहकारी त्यांनी फोनवर गाठले. कोथरूडकरांनी मात्र एकमुखाने कळवलं, की चालण्याचे पैसे द्यायची पद्धत आपल्यात नाही.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल इथल्या परिषदेत ३० टक्क्यांचं हेच उद्दिष्ट भारतासह जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलं. त्यामुळे कोथरूडकरांनी पैसे नाही दिले तरी निदान बघायला हरकत नाही. ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात ओळखीचं एखादं झाड निवडून त्याची पालवी, फुलं, फळं कधी येतात ते नियमाने नोंदवता येतं, आणि अभ्यासकांना त्या नोंदी उपयोगी पडतात. उद्या टेकडीवर जाल तेव्हा एक झाड निवडा. महापालिका, मधुमेह आणि जावई उतारावर घ्या.