विनोदाचा एकेरी घाट

शनिवारी सकाळी बोरघाटात अडकलेल्या माणसाला दोनच कामं असतात : सरकारला शिव्या घालणं आणि मोबाइल बघणं. दुसरं काम मन लावून केलं की पहिल्याचा विसर पडतो, हे आपल्या पुढाऱ्यांनी बरोबर हेरलंय. खोपोली ते कुसगाव या द्रुतगती मार्गाच्या 13.3 किलोमीटरच्या मिसिंग लिंकच्या तारखा वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिल्या. त्या काळात एकाही साहेबांचं रील मात्र उशिरा आल्याचं ऐकिवात नाही.

मावळचा लोकसभा मतदारसंघ आधीच घाटाला टांगलेला. वर मावळ, चिंचवड, पिंपरी. खाली कर्जत, पनवेल, उरण. एवढ्या लांबच्या मतदाराला सभेला आणायचं तर जेवणाचा खर्च. मीम फुकट पोचतं. मार्च 2019 मध्ये चिंचवडच्या सभेत उमेदवार पार्थ पवार कागदावरून भाषण वाचताना अडखळले आणि अख्खा महाराष्ट्र परीक्षक होऊन बसला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्यांना आभारप्रदर्शन जमलं नव्हतं, तेही वक्तृत्वाचे गुण देऊ लागले. त्यांच्याविरुद्धचे श्रीरंग बारणे 2 लाख 15 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, तेव्हा मीमवाल्यांनी श्रेय खिशात घातलं. घालू द्या. पण पार्थ यांचा पक्ष सत्तेत असताना, 9 ऑगस्ट 2011 ला, पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले, हे मावळच्या डोक्यातून तेव्हाही गेलेलं नव्हतं. ते मीममध्ये कुठं दिसलं नाही. त्याला चाल लागत नाही ना!

पुढचा प्रयोग लोणावळ्यात झाला. 7 मार्च 2024 ला शरद पवारांनी कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात आमदार सुनील शेळके यांना दम भरला. माझ्या कार्यकर्त्यांना दमदाटी कराल तर याद राखा, असा एकूण सूर आणि शेवटी ‘मला शरद पवार म्हणतात’. वाक्य उच्चारायचा अवकाश, त्याला ढोल-ताशाचं संगीत लागलंच. शेळक्यांनी पुरावा मागितला, मग त्यांच्या बाजूच्या पोरांनी आपला ढोल काढला. आठ महिन्यांनी विधानसभेला ‘मावळ पॅटर्न’ आला : भाजपचे स्थानिक नेते आणि महाविकास आघाडी, दोघंही अपक्ष बापू भेगडेंच्या मागे. काल ज्यांची टर उडवली त्यांनाच आज हार घालायचे, म्हणजे ट्रोल करणाऱ्या गरीब पोरांनी सकाळी उठून शिव्या द्यायच्या तरी कुणाला? शेळके लाखाहून जास्त मतांनी निवडून आले आणि ढोलवाल्यांचा प्रश्न सुटला.

हा कारखाना चालतो कसा, ते कामशेतला वडापावच्या गाडीशेजारी उभं राहून पाहिलं. विशीतला पोरगा, एका हातात वडा, दुसऱ्या हातात मोबाइल. साहेब गाडीतून उतरतात तिथं अर्धा सेकंद स्लो, मग गॉगल, मग बीजीएम, खाली ‘विषय हार्ड’. “यात विनोद कुठं आहे रे?” मी विचारलं. “तो दुसऱ्या फोल्डरला आहे काका.” त्यानं बोटाला लागलेली चटणी चाटली आणि फोल्डर उघडलं. विरोधकाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यातला तो शिंकतो तेवढाच तुकडा कापलेला, मागं लहान पोराच्या रडण्याचा आवाज. “हा साहेबांनी स्वतः पास केला. लई हसले.” बाकीच्या एकोणचाळीस मिनिटांत विरोधक काय बोलला होता? “पाण्याचं काहीतरी होतं वाटतं.”

या धंद्यातलं सर्वोच्च शिखर अर्थात सांगोल्याचं. जून 2022 मध्ये गुवाहाटीहून आमदार शहाजीबापू पाटलांनी कार्यकर्त्याशी फोनवर केलेलं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे वर्णन महाराष्ट्राला तोंडपाठ झालं. त्याची गाणी निघाली. पावसाळ्यात टायगर पॉइंटला धुक्यात उभी राहून मका खाणारी मंडळी ते म्हणून दाखवू लागली. सरकार पडत होतं, आमदार परराज्यात मुक्कामाला होते आणि महाराष्ट्र पोट धरून हसत होता. त्या ‘हाटेला’चं बिल कुणी भरलं, हे विचारायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. बापू 2024 ला पडले. वाक्य अजून निवडून येतंय. फडणवीसांचं ‘मी पुन्हा येईन’ पाहा. 2019 ला त्याची एवढी खिल्ली उडाली की दुसरा माणूस तोंड लपवून बसला असता. हे डिसेंबर 2024 ला खरंच पुन्हा आले आणि थट्टेचं घोषवाक्य झालं. आठवल्यांचं ‘गो कोरोना’ही तसंच. कोरोना गेला नाही, उलट ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांच्याकडेच मुक्कामाला आला. पण माणूस लोकांच्या लक्षात राहिला.

तर असा हा घाट. वरून खाली सगळ्या लेन मोकळ्या. खालून वर कुणी विनोद घेऊन निघाला की ब्लॉक. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींपैकी एकीनं बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाइक केलं, दोघींना अटक. मार्च 2025 मध्ये विनोदवीर कुणाल कामराचं एकनाथ शिंदेंवरचं विडंबनगीत बाहेर आलं, तर शिवसैनिकांनी खारचा स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेला तिथलंच बेकायदा बांधकाम आठवलं आणि हातोडा पोचला. महापालिकेचा हा वेग आमच्या खड्ड्यांना लाभला असता तर! आणि या शिवसैनिकांची संघटना जन्मली कशातून? 1960 साली बाळासाहेबांनी काढलेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकातून. पहिल्या अंकाचं प्रकाशन केलं होतं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. उद्या हा कुंचला आपल्यावरच चालणार, हे काय त्यांना कळत नव्हतं? तेव्हा घाटात दोन्हीकडची वाहतूक चालू असावी.

एका ठिकाणी मात्र या रीलवाल्या साहेबांचं फोल्डर रिकामं असतं. 15 जून 2025 ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. नव्या पुलासाठी 8 कोटी आधीच मंजूर झालेले होते. मंजुरीची पोस्ट पडली, लाइक आले, की अकाउंटच्या हिशेबानं पूल बांधून झालेला असतो. नदीला मात्र इन्स्टाग्राम दिसत नाही.

कामशेतच्या पोराला जाता जाता म्हटलं, स्वतःच्या साहेबांवरही एखादा विनोद कर की, लोकांना आवडेल. “केला होता काका. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले साहेब, मागं ‘विकासाचा वेग’ असं.” मग? “साहेब म्हणाले, छान आहे, फक्त मला काढ. ट्रॅफिक राहू दे. ट्रॅफिकला काय, उद्या तिकीट मागायचं नाहीये.”