थिरथिरे काका

ऑक्टोबर सरत आला की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशांना मोजे चढतात. मोजे थिरथिरे काकांचे, जुने, बहुतेक जोडीदार हरवलेले. लडाख-तिबेटकडून उतरलेला थिरथिरा आरशात स्वतःलाच बघतो, आपल्या हद्दीत दुसरा घुसला म्हणून चोचीने तुटून पडतो आणि दमतो. त्याचा जीव शिणू नये म्हणून ही सोय. सकाळच्या घाईत मोज्यासकट सिंहगड रोडला लागलेले दोघेतिघे काकांवर अजून खार खाऊन आहेत.

काकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. ते कुणी वाचत नाही. चिमणीएवढा, काळ्या छातीचा, विटकरी पोटाचा, सारखी शेपूट थरथरवणारा हा पक्षी दरवर्षी आमच्याच कंपाउंडवर येतो, आणि तोच येतो, असं काकांचं म्हणणं. हिवाळी पाहुणे जुनी जागा धरून असतात हे खरं. पण "तोच कशावरून?" असं विचारलं तर काका म्हणतात, "अहो, चेहऱ्यावरून!" समोरच्या फ्लॅटमधल्या कुटुंबाला मात्र ते कित्येक वर्षं "ते नवीन आलेले" म्हणतात.

पाहुणा मार्चअखेर परतेपर्यंत कंपाउंडला रंग नाही, पाचोळा पेटवणं नाही. (पाचोळ्यात किडे, म्हणजे पाहुण्याचा फराळ.) शेकोटीवाचून वॉचमन कुडकुडायला लागला, तेव्हा काकांनी त्याला आपला स्वेटर दिला, वर उंबराच्या शेंड्यावर ऊन खात बसलेले हरियलही दाखवले. "आपला राज्यपक्षी आहे, बघ!" ऊब नेमकी कशाने आली ते वॉचमनच जाणे.

५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा पक्षी सप्ताह, हा काकांचा गणेशोत्सव. काकू तेवढे दिवस बहिणीकडे जाऊन राहतात.

फेब्रुवारीत परसदारातल्या पक्ष्यांची जगभर गणना होते. निदान पंधरा मिनिटं बसायचं, दिसेल तो प्रत्येक पक्षी मोजायचा. यंदा थिरथिऱ्याने नेमकी त्याच पंधरा मिनिटांत दांडी मारली. काकांनी पडेल चेहऱ्याने लिहिलं: कावळे चार, साळुंक्या दोन, पारवे एकसष्ट. सेक्रेटरींनी तो कागद आवर्जून मागून घेतला. काका हरखले, माणसाला उशिरा का होईना, गोडी लागली!

संध्याकाळी नोटीस बोर्डावर पारव्यांसाठी जाळ्या बसवायचं कोटेशन लागलं. सोबत पुरावा म्हणून काकांच्या सुवाच्य अक्षरातली यादी.