चित्र सुधारून देणारा

घरात नवा गेमिंग कन्सोल आला की पाठोपाठ चित्र सुधारून देणारा येतो. त्याला बोलवावे लागत नाही. तो बहुधा मावसभाऊ, शेजारचा मुलगा नाहीतर नवा जावई असतो. खेळण्यात त्याला फारसा रस नसतो. टीव्हीसमोर मान तिरकी करून तो विचारतो, "तुम्ही हे असंच बघता?" आणि उत्तराची वाट न बघता रिमोट उचलतो.

पहिला वार व्हिव्हिड मोडवर. दुकानाच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून हा मोड भडक रंग आणि जास्तीत जास्त उजेड ओततो. घरात त्याची गरज नसते. मग तो गेम मोड लावतो, आणि इथे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे असते. एरवी टीव्ही आलेल्या प्रत्येक चित्रावर आतल्या आत संस्कार करत बसतो आणि त्यात शंभरेक मिलिसेकंदही जाऊ शकतात. सेकंदाला 60 फ्रेम असतील, तर एक फ्रेम जेमतेम 17 मिलिसेकंदांची. म्हणजे बटण दाबल्यावर उडी पाच-सहा फ्रेम उशिरा दिसते. गेम मोड यातले बहुतेक संस्कार बंद करतो. इतके दिवस खड्ड्यात पडणारा घरातला बंड्या पलीकडे पोहोचतो आणि पाहुण्याची पत वाढते. ती तो पुढच्या दोन तासांत उडवतो.

कोपऱ्यातला स्कोअर अर्धा कापला जात असेल तर दोष ओव्हरस्कॅनचा, म्हणजे काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळातल्या खोडीचा. ती एका सेटिंगने जाते. पण पोर्टचे प्रकरण लांबते. सेकंदाला 120 फ्रेमचे 4के चित्र पुरते यायचे तर एचडीएमआय 2.1 हवे, त्याची क्षमता सेकंदाला 48 गिगाबिट, जुन्या 2.0 ची 18. अनेक टीव्हींना असे पोर्ट एखाद-दुसरेच असते आणि ते नेमके भिंतीकडे असते. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून तो टीव्हीमागे शिरतो, जाळी-जळमटांसह बाहेर येतो. सेट-टॉप बॉक्सची वायर निघालेली असते. आठची मालिका सुरू झालेली असते.

खरा सोहळा एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणाऱ्या चित्राचा. प्लेस्टेशन 5 पडद्यावर एक चिन्ह दाखवतो. ते जेमतेम दिसेल इतपत उजेड कमी-जास्त करायचा असतो. पडदे ओढून, दिवे घालवून सगळ्या घराला सोफ्यावर बसवले जाते.

"आता दिसतंय?"

"काय दिसायचंय?" आजी विचारतात.

"तेच! म्हणजे बरोबर आहे."

शेवटी तो रंग वॉर्म करतो. सिनेमावाले ज्या पांढऱ्यावर काम करतात, त्याच्या हा सर्वांत जवळचा. घरच्यांना मात्र सगळ्यांना कावीळ झाल्यासारखे वाटते. "दोन दिवसांत डोळे सरावतील," असे आश्वासन तो देतो. सरावतातही; पण तोवर बहुधा कुणीतरी परत व्हिव्हिड लावलेले असते.

बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग्ज प्रत्येक पोर्टपुरती वेगळी साठवली जातात. त्यामुळे वायर परत खोचल्यावर मालिका पूर्वीइतकीच भडक दिसते. "आता कसं छान दिसतंय!" आई म्हणतात. तो नम्रपणे मान लववतो आणि चहा घेतो.